ओबी व्हॅन गेल्यानंतर

प्रिय ताई,

माझे मिस्टर पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या कार्यालयातला घोटाळा बाहेर आला. चार दिवस त्या कार्यालयाच्या गेटबाहेर चॅनेलच्या ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, उभ्या होत्या. मिस्टर डबा घेऊन आत जातानाचं पाच सेकंदांचं दृश्य एका वाहिनीने दिवसभर फिरवून फिरवून दाखवलं. खाली पट्टी होती, 'लुटारूंचा अड्डा'. त्यांच्यावर आरोप नाही. विभागीय चौकशीत एकदा जबाब झाला, तेवढंच. पण सोसायटीच्या ग्रुपवर 'सगळे सामील असतात', 'एकेकाच्या घरावर धाड घाला' असं चाललं होतं. आमचा फ्लॅट नंबर कोणी लिहिला नाही, एवढीच मेहेरबानी. नववीतल्या मुलीने विचारलं, "आई, बाबांनी पण घेतले का गं?"

आता गाड्या गेल्या. ग्रुपवर टँकरच्या बिलाची चर्चा सुरू आहे. सगळे लिफ्टमध्ये पूर्वीसारखे हसून बोलतात. मलाच जमत नाही. मी एक सविस्तर खुलासा लिहून ठेवला आहे, तो ग्रुपवर टाकू का? आणि माणसं इतक्या लवकर पेटतात कशी, विझतात कशी? एक कबुलीही देते. मागच्या वर्षी दुसऱ्याच एका प्रकरणात 'यांना भर चौकात फटके द्या' हा मेसेज त्याच ग्रुपवर मीच फॉरवर्ड केला होता.

— एक अस्वस्थ वाचक, कोथरूड

*

प्रिय अस्वस्थ मैत्रिणी,

खुलासा टाकू नका. तो फोनमधून काढून वहीत उतरवा. का ते पुढे सांगते, पण आधी हे एवढं ऐका, कारण तुमच्या पत्राचा सूर बघता तुम्ही आज रात्री जेवणं उरकली की तो टाकूनच द्याल.

मी बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीच्या टेबलावर. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या ऑफिससमोर ज्या गाड्या आल्या त्या जातीची मी, फक्त आमच्या वेळी गाडीऐवजी स्कूटरवरचा वार्ताहर यायचा. त्यामुळे 'माध्यमं वाईट' असं म्हणून तुमच्याबरोबर डोळे पुसणं मला जमणार नाही. आणि 'माध्यमांमुळेच सगळं बाहेर येतं' असं म्हणून छाती फुगवणंही जमणार नाही, कारण पानं लावताना काय होतं ते मी पाहिलंय.

तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे : पेटतात कशी आणि विझतात कशी. याचं एक जुनं पुणेरी उदाहरण तुम्ही मंडईत भाजी घेताना दर वेळी ओलांडत असाल.

पुण्याची मंडई १८८६ ची. तिचं मूळ नाव रे मार्केट, मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. याच रे साहेबांच्या काळात, १८८८ मध्ये, पुण्यात बसणाऱ्या मध्य विभागाच्या आयुक्तावर चौकशी बसली. आर्थर क्रॉफर्ड त्याचं नाव. बढत्या आणि बदल्यांसाठी हाताखालच्या मामलेदारांकडून (तालुक्याचा महसूल बघणारे आणि न्यायदानही करणारे अधिकारी) हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे खाल्ल्याचा आरोप. आता पैसे दिल्याचं सांगणार कोण? देणारेच. म्हणून सरकारने मामलेदारांना अभय दिलं : खरं सांगा, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. ते बोलले. चौकशी संपली तेव्हा लाचखोरीच्या आरोपातून क्रॉफर्ड सुटला. हाताखालच्या भागातल्या लोकांकडून कर्जं घेतल्याबद्दल तेवढा दोषी ठरला आणि नोकरीतून गेला. मग इथल्या इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी आणि विलायतेतल्या मंडळींनी उलटा गिल्ला केला, की स्वतःच्या तोंडाने लाच दिल्याचं कबूल करणारे हे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर बसतातच कसे? सरकारने दिलेला शब्द गुंडाळला आणि त्यांतल्या काही मामलेदारांना घरी पाठवलं. १८८९ मध्ये टिळकांनी पुण्यात सभा घेतली ती या मामलेदारांसाठी. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट याच आर्थर क्रॉफर्डच्या नावाचं, तो तिथला पहिला म्युनिसिपल कमिशनर. म्हणजे आरोप झालेल्याच्या नावाने एक मार्केट आणि चौकशी लावणाऱ्याच्या नावाने दुसरं. पुढे दोन्हींना महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कारकुनी लाचखोरीवर जे लिहिलंय ते आठवलं, की मला या योगायोगाची गंमत वाटते.

ही गोष्ट मी मंडईचं कौतुक म्हणून सांगत नाही. त्यातले मामलेदार बघा. ते चोर होते का? पैसे तर त्यांनी दिले होते. साव होते का? बोलले तर तेच. गिल्ल्याची पहिली लाट आली तेव्हा ते साक्षीदार होते, दुसरी आली तेव्हा गुन्हेगार. मधल्या काळात त्यांनी नवीन काहीच केलं नव्हतं, फक्त दिवा त्यांच्यावर फिरला. तुमचे मिस्टर डबा घेऊन आत जात होते तेव्हा तोच दिवा त्यांच्यावर पाच सेकंद थांबला.

आता दिवा कुठे थांबतो, हे ठरतं कसं? आमच्या धंद्यातलं कटू सत्य सांगते. फाइलचं चित्र निघत नाही. टिपणीवरचा शेरा, तीन महिने अडवून ठेवलेलं बिल, निविदेतली एक अट जी एकाच ठेकेदाराला बसते, हे सगळं कॅमेऱ्यासमोर धरलं तर कागद दिसतो. नोटांची बंडलं मात्र दिसतात. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा पुण्यात उघडकीला आला, परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले. तेव्हा कुणाच्या घरात किती रोकड आणि सोनं सापडलं हे तुमच्या सोसायटीतल्या लहान पोरांनाही पाठ होतं. पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून जास्त उमेदवार गैरमार्गाने पास झाल्याचं ठरवून त्यांना बाद केलं गेलं. ही बातमी किती जणांना आठवते? आणि जे खरोखर अभ्यास करून दोन-तीन मार्कांनी राहिले, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिन्याला पैसे भरून बसले, त्यांचं तर चित्रच नाही. घोटाळ्याचा खरा तोटा त्यांना झाला.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्याच्याच एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवरचा अंबर दिवा आठवतो ना? महिना संपायच्या आत यूपीएससीने उमेदवारी रद्द केली. वादाचा गाभा होता प्रमाणपत्रांचा : ती कोण देतं, कशी तपासली जातात, किती वर्षं तपासली गेली नाहीत. पण प्रमाणपत्रावर कुणी रांगेत उभं राहून सेल्फी काढत नाही. दिवा नसता तर प्रमाणपत्रांपर्यंत कुणी पोचलं असतं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. बहुधा नाही.

हेच कल्याणीनगरच्या अपघाताचं. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांच्या मुलाकडे होती. देश पेटला तो नंतर, बाल न्याय मंडळाच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध आहे हे कळल्यावर. निबंध! प्रत्येक घरात कुणीतरी शाळेत तो लिहिलेला असतो, त्यामुळे तो अन्याय लहान पोरालाही मापता येतो. त्या गदारोळाने काय केलं बघा. ससून रुग्णालयात त्या मुलाच्या रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा आरोप पुढे आला, दोन डॉक्टर अटकेत गेले. लोक ओरडले नसते तर तो नमुना कुणी पुन्हा तपासला असता, असं मला वाटत नाही. म्हणून म्हणते, तुमच्या ग्रुपवरच्या संतापाला नुसता मूर्खपणा म्हणू नका. तो आंधळा असतो, पण कधीकधी बरोबर दारावर जाऊन आदळतो.

याचा थोडा अभ्यासही झालाय. अमेरिकेत चॅपेल हिल नावाच्या गावात १९६८ च्या निवडणुकीत मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोघांनी मत न ठरलेल्या शंभर मतदारांना विचारलं, तुम्हाला कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात? उत्तरांचा क्रम आणि तिथल्या माध्यमांनी कुठल्या प्रश्नांना किती जागा दिली त्याचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला. वर्तमानपत्र माणसाला काय वाटावं हे ठरवू शकत नसेल, पण कशाबद्दल वाटावं हे ठरवतं. दुसरा एक प्राध्यापक, शांतो अय्यंगार, याने १९९१ च्या पुस्तकात मांडलेली गोष्ट तुमच्या कामाची आहे. गरिबी किंवा गुन्हेगारीवरची टीव्हीची बातमी एखाद्या माणसाच्या किश्श्यातून दाखवली, की बघणारे दोष त्या माणसाला देतात. तीच आकडे आणि कारणं घेऊन दाखवली, की दोष सरकार आणि समाजाकडे सरकतो. डबा घेऊन जाणारा कारकून हा किस्सा झाला. त्याच्या कार्यालयात टिपणी कुठून कुठे जाते, ही दुसरी बातमी. ती पाच सेकंदांत बसत नाही.

ब्राझीलमधला पुरावा मात्र आमच्या बाजूने जातो. २००३ पासून तिथे सरकारने सोडत काढून नगरपालिका निवडल्या आणि त्यांचं लेखापरीक्षण करून अहवाल जाहीर केले. काही गावांचे अहवाल २००४ च्या निवडणुकीआधी आले, काहींचे नंतर. फेराझ आणि फिनन या दोन अर्थतज्ज्ञांना असं दिसलं, की भ्रष्टाचार सापडलेल्या महापौरांना मतदारांनी झटका दिला, आणि जिथे गावाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं तिथे जास्त जोरात दिला. जिथे हिशेब स्वच्छ निघाला त्या महापौरांना त्याच रेडिओने हातभार लावला. म्हणजे स्थानिक बातमीदार असेल आणि त्याच्या हातात तपासलेला कागद असेल, तर लोक नुसते पेटत नाहीत, निवड करतात.

यात 'तपासलेला कागद' हे दोन शब्द महत्त्वाचे. पुण्याने याचीही किंमत मोजलीय. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ दिवाण बर्वे करतायत म्हणून 'केसरी' आणि 'मराठा' ने १८८१-८२ मध्ये आवाज उठवला. ज्या पत्रांच्या आधारावर तो उठवला ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. बाहेर आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. पत्रं खोटी होती, हे त्या स्वागतात कुणाला बोचलं नाही. आणि पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, ते महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मेले. कागद खोटा, दुःख खरं. माझ्या नोकरीत मला या प्रकरणाने जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच नाही. बातमी खरी की खोटी, असा सरळ प्रश्न मी त्यानंतर कुणालाच विचारू शकले नाही.

आता विझण्याचं. तुम्हाला वाटतं लोक निर्दय आहेत म्हणून विसरले. तसं नाही हो. बातमीला रोज नवीन काहीतरी लागतं आणि प्रकरणाला लागतात वर्षं. चौथ्या दिवशी वार्ताहराला दुसरी बीट, म्हणजे दुसरा विषय, मिळते, ओबी व्हॅनचं डिझेल कुणीतरी मोजत असतं. अमेरिकेतल्या वॉटरगेटची गोष्ट सगळे सांगतात की दोन बातमीदारांनी राष्ट्राध्यक्ष पाडला. पाडला, पण कधी? विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेले चोर १७ जून १९७२ ला पकडले. बातम्या येतच होत्या, आणि त्याच नोव्हेंबरात निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकले. लोकांनी कान टवकारले ते १९७३ च्या मे महिन्यापासून, सिनेटची सुनावणी टीव्हीवर दिसू लागल्यावर. राजीनामा ऑगस्ट १९७४ मध्ये. मधली दोन वर्षं न्यायाधीश, सिनेटची समिती, सरकारी वकील असे सगळे रोज काहीतरी घडवत होते, म्हणून बातमी जिवंत राहिली. संस्था चालत राहिल्या तर बातमी चालते. त्या थांबल्या की बातमीदार एकटा किती दिवस ओरडणार?

आपल्याकडे हे उलटं दिसतं. आर्थिक पाहणी २०११-१२ मधल्या आकड्यांवरून असा अर्थ निघाला, की दहा वर्षांत सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्चून महाराष्ट्राचं सिंचन फक्त ०.१ टक्का वाढलं. विजय पांढरे या मुख्य अभियंत्याची पत्रं गाजली, सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. सरकारने श्वेतपत्रिका काढून वेगळा आकडा दिला आणि डिसेंबरात उपमुख्यमंत्री परत आले. त्या ०.१ चा हिशेब नक्की कसा केला होता हे तेव्हाही फार थोड्यांनी विचारलं. आज तर आकडा आठवतो आणि धरण आठवत नाही. टूजीचं, म्हणजे मोबाइल परवान्यांच्या प्रकरणाचंही तेच. कॅगच्या अहवालातला १ लाख ७६ हजार कोटींचा आकडा पानवाल्यालाही माहीत. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. २१ डिसेंबर २०१७ ला विशेष न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध सीबीआय अपिलात गेली. तुमच्या ग्रुपवर या तिन्ही गोष्टी एका दमात सांगणारा एक जरी सापडला, तर त्याला माझ्याकडून बाकरवडी.

आता माझं एक सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या पानावर एका कारकुनाचा फोटो गेला. वसुलीच्या प्रकरणात पाच जणांना अटक झाली होती, फोटो मिळाला तो याचा, कारण लग्नाच्या अल्बममधून शेजाऱ्याने काढून दिला. साहेबांचा फोटो मिळाला नाही, म्हणून पहिल्या पानावर तीन कॉलममध्ये हाच. फोटोओळ मी लिहिली. सहा-सात वर्षांनी तो सुटला. ती बातमीसुद्धा रात्री माझ्याच टेबलावर आली. आत सातव्या पानावर एका नाट्यप्रयोगाच्या जाहिरातीखाली चार ओळींची जागा होती. मी ती भरली. आठवड्याने तो माणूस ऑफिसात आला. मला वाटलं भांडणार. त्याने त्या दिवसाचे सहा अंक विकत मागितले. नातेवाइकांना पाठवायचे होते म्हणाला. आमच्याकडे दोनच उरले होते. मी ते त्याला दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्याचा त्याला राग आला. "मी फुकट मागायला आलो नाही," म्हणाला, आणि सुटे पैसे टेबलावर ठेवून गेला.

म्हणून तुमच्या खुलाशाबद्दल. पहिलं कारण व्यवहाराचं. तुमचे मिस्टर सरकारी नोकर आहेत, वर्तणूक नियमांनुसार त्यांना परवानगीशिवाय माध्यमांत बोलता येत नाही. तुम्ही लिहिलेलं ग्रुपवरून कुठे जाईल याचा नेम नाही. उद्या त्यातलं एखादं वाक्य चौकशी अधिकाऱ्यासमोर आलं आणि जबाबातल्या वाक्याशी जुळलं नाही, तर हकनाक डोकेदुखी. दुसरं कारण असं, की ग्रुप विसरलाय. खुलासा टाकला की ज्यांना कळलंच नव्हतं की ते तुमचे मिस्टर, त्यांनाही कळेल. डेव्हिसन नावाच्या अभ्यासकाने १९८३ मध्ये लिहून ठेवलंय, की प्रत्येकाला वाटतं, बातम्यांनी बाकीचे वाहवत जातात, मी नाही. तुमच्या ग्रुपवरचे साठ जण असंच समजतात. तुम्हीही 'फटके द्या' फॉरवर्ड करताना हेच समजत होतात. त्याबद्दल स्वतःला फटके देऊ नका, पण तो मेसेज ज्यांच्याबद्दल होता त्यांच्याही घरी एखादी नववीतली मुलगी असेल, एवढं लक्षात असू द्या.

ग्रुपवर 'धाड घाला' म्हणणारे जे गृहस्थ आहेत ना, त्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर जिन्यात गाठा. एकट्याला. "काका, त्या ऑफिसात आमचे हे आहेत, तुम्हाला माहीत होतं का?" एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. ग्रुपवर जो माणूस वाघ असतो तो जिन्यात बहुधा पिशवी दुसऱ्या हातात घेतो.

आता एक अवघड विचारते. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये. मिस्टरांनी काय पाहिलं होतं? 'त्यांच्यावर आरोप नाही' असं तुम्ही लिहिलंत. 'त्यांना काही माहीत नव्हतं' असं लिहिलं नाहीत. कदाचित घाईत राहिलं असेल. पण मुलीचा प्रश्न तोच आहे, आणि नववीतली मुलं उत्तरातली गाळलेली जागा बरोबर पकडतात. तिला तुम्ही उत्तर देऊ नका. बापालाच देऊ द्या, रविवारी, टीव्ही बंद करून. 'मी पैसे घेतले नाहीत' हे त्यांना सांगता येत असेल तर सांगू देत. 'एकदा एका कागदावर सही करताना मला शंका आली होती, मी विचारलं नाही', असं असेल तर तेही सांगू देत. मुलीला बाप निष्कलंक हवा असतो असं आपल्याला वाटतं. तिला खरं बोलणारा बाप चालतो. त्या मामलेदारांचंही शेवटी तेवढंच म्हणणं होतं, की आम्ही बोललो, मग शब्द पाळा.

आणि तो चिघळणारा राग? त्याला एक काम द्या. सगळ्यांना ठाऊक नसतं, पण राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. ही पद्धत आधी आपल्या पुणे महापालिकेत सुरू झाली होती; तिथे ती अजून चालू आहे का, हे जाण्याआधी विचारून घ्या. (दुपारी तीन ही पुण्यात झोपेची वेळ आहे हे मला मान्य आहे. आदेश काढणारा बाहेरगावचा असावा.) मिस्टरांच्या कार्यालयात जाऊ नका, ते शोभायचं नाही. पण तुमच्या सोसायटीला पाणी देणाऱ्या टँकरच्या पाण्याचा, त्या रस्त्याच्या खोदाईचा, जवळच्या शाळेच्या दुरुस्तीचा कागद बघायला जा. ग्रुपवर जे साठ जण टँकरच्या बिलावर भांडतायत त्यांतल्या दोघींना बरोबर घ्या. नाही दिला कागद तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. पहिल्या सोमवारी तुम्हाला काही कळणार नाही. तिसऱ्या सोमवारी टिपणी वाचता यायला लागते. तेव्हा तुम्हाला कळेल, कारकुनाची सही कुठे असते आणि निर्णय कुठे होतो. मग पुढच्या वेळी ग्रुपवर 'सगळे सामील' असं आलं, की तुम्ही विचाराल, कुठल्या पानावर? तुमच्या मिस्टरांना याची कुरकुर वाटली तर माझं नाव सांगा.

शेवटी त्यांच्या कामाचं. जबाब झाला त्या दिवशी काय विचारलं आणि काय सांगितलं, ते आठवेल तसं तारखेसह स्वतःच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. ऑफिसातली कुठलीही फाइल घरी आणायची नाही, तिचे मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, भले आपल्या बाजूचा पुरावा असो. तो मागायचा असेल तर चौकशी अधिकाऱ्याकडे लेखी मागायचा. ओळखीतल्या, सेवाविषयक प्रकरणं बघणाऱ्या एखाद्या वकिलाकडे एकदा जाऊन या. आणि चौकशी पूर्ण झाल्यावर, त्यात त्यांच्याविरुद्ध काही आढळलं नाही असं लेखी पत्र मागा. ते कुणी आपणहून देत नाही, आणि चॅनेलवाले तर ती बातमी करायला येणार नाहीतच. अर्ज दोन प्रतींत करा. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.